डोळ्यांखालचं काळं

भगवान खिल्लारे टीव्हीवर येणाऱ्या माणसांचे चेहरे रंगवायचा. नेमणुकीच्या कागदावर 'मेकअपमन' असं लिहिलेलं होतं, पण कुणी विचारलं तर त्याची माय बयाबाई सांगायची, "माझा भगवान तोंडं करतो, टीव्हीतल्या लोकाची."

वाशी तेव्हा नुकती कुठे वसत होती. सिडकोच्या बैठ्या घरांची एक रांग संपली की पुढे गुडघाभर गवत माजलेले मोकळे प्लॉट, त्यांच्यापलीकडे खाडी. भगवान सकाळी बस धरून पुलावरून मुंबईला जायचा आणि दिवस मावळल्यावर पंचपात्रीएवढी पावडरची डबी खिशात घेऊन परत यायचा. त्याची बायको, जाई, शर्ट धुताना म्हणायची, "तुमच्या बाह्यांना बाईमाणसाचा वास येतो." तो हसायचा.

रंगाचं काम त्याला बापानं दिलं होतं. सिताराम खिल्लारे मराठवाड्यातल्या एका फडात सोंगाड्या. लहानपणी भगवान गॅसबत्तीच्या उजेडात बापाच्या गालांना सफेदा फासायचा, भुवया ओढायचा. धम्मदीक्षा घेतल्यावर सितारामनं फड सोडला तो सोडलाच. पण तोवर पोराच्या बोटांत रंग मुरला होता. भगवान मुंबईला आला, नाटक कंपन्यांच्या मागं हिंडला आणि टीव्ही सुरू झाला तसा तिथं चिकटला. हे काम त्याला मनापासून आवडायचं. माणूस खुर्चीत बसला, मान मागं टाकली, डोळे मिटले की शाहीर काय नि प्राध्यापक काय, सगळे सारखेच वाटत. कुणी न सांगता स्वतःचा चेहरा आपल्या हाती देतं, याचं त्याला अप्रूप होतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. भगवानच्या गावात वस्तीवर जमाव आला. घरं जळाली. सितारामला काठ्या बसल्या. बयाबाई बाजरीच्या पिकात पडून राहिली म्हणून वाचली. भगवाननं दोघांना वाशीला आणलं, पण सिताराम त्या मारातून उठलाच नाही. दिवाळीच्या आधी गेला.

बयाबाई त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नसे. एकच गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायची. त्या संध्याकाळी तालुक्याचे आमदार कमळाकरराव गावात होते. त्यांची जीप चावडीपुढं उभी होती. वस्तीतली माणसं धावत त्यांच्याकडं गेली, पाया पडली. कमळाकरराव म्हणाले, "काळजी करू नका, मी जरा जेवून येतो." आणि जीप गेली ती गेली.

"जेवून येतो म्हनला," बयाबाई म्हणायची, आणि मग पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत बसायची.

हिवाळी अधिवेशन आटोपल्यावर टीव्हीवर 'सभागृहाबाहेर' नावाचा चर्चेचा कार्यक्रम ठरला. सत्ताधारी आणि विरोधी आमदारांना समोरासमोर बसवायचं, विषय दंगलग्रस्तांचं पुनर्वसन. मेकअपच्या खोलीत दोघं आले ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. एक विरोधी पक्षाचे वकील होते. दुसऱ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला वकिलांनी 'कमळाकरराव' म्हणून हाक मारली, तेव्हा भगवानचा स्पंज पाण्याच्या वाटीतच राहिला.

यांना त्यानं पूर्वी कधी जवळून पाहिलं नव्हतं. भरल्या गालांचे, नुकतीच दाढी केलेले, अत्तर लावलेले गृहस्थ. भगवाननं त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला.

"सभागृहात माझा माईक ओढायला आलात ते जरा जास्तच झालं हं," कमळाकरराव वकिलांना म्हणाले.

"पेपरात फोटो आला की नाही तुमचा? मग?" वकील म्हणाले, आणि दोघंही हसले. मग त्यांनी आपसात वाटणी केली. घरबांधणीवर वकिलांनी घसरायचं, कमळाकररावांनी ऐकून घ्यायचं. पोलिसांचा विषय निघाला की दोघांनीही हळू घ्यायचं. दोन शेजारी पाण्याची पाळी ठरवतात तसं बोलणं चाललं होतं.

भगवान गालांवरून स्पंज फिरवत होता. कमळाकररावांनी आरशातून त्याच्याकडं पाहिलं. "गाव कुठलं रे तुझं?"

भगवाननं गाव सांगितलं.

"अरे, म्हणजे आपल्याच भागातला. कुणाचा?"

"सिताराम सोंगाड्याचा."

"सितारामचा? वा. काय हसवायचा माणूस. पोट दुखायचं. बरा आहे ना?"

"दंगलीत मार बसला. त्यातून उठले नाहीत."

क्षणभर कमळाकररावांनी डोळे मिटले. "वाईट झालं. फार वाईट," ते म्हणाले. "आज तेच बोलायला आलोय." मग डोळे उघडून त्यांनी आरशात चेहरा डावीकडं वळवला, उजवीकडं वळवला. "हे बघ, डोळ्यांखाली जरा काळं राहू दे. आहे ते झाकू नकोस, उलट थोडं वाढव. लोकांना वाटलं पाहिजे की माणसाला झोप नाही."

"मग मलाही," वकील बाजूनं म्हणाले. "नाहीतर लोक म्हणतील, सगळं दुःख यांनाच."

भगवानला वाटलं, टॉवेल फेकावा आणि चालतं व्हावं. पण वीस वर्षांची सवय असलेली बोटं डब्यात बुडाली. त्यानं काळा आणि तपकिरी रंग तळहातावर घोटला, डोळ्यांच्या कोपऱ्यातून गालाच्या हाडापर्यंत उतरवत नेला, कडा करंगळीनं विरवल्या. काम वाईट करायचं त्याला जमत नसे. कातडी त्याच्या बोटाखाली उबदार आणि मऊ लागत होती, नुकत्याच जेवलेल्या माणसाची असते तशी. काम झाल्यावर कमळाकररावांनी आरशात पाहिलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "सितारामचा खरा."

भगवाननं मोरीवर जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले. बसमध्ये त्यानं हात मांडीवर उलटे ठेवले होते.

घरी त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. कार्यक्रम रविवारी लागणार होता. रांगेत टीव्ही एकच, नंदकिशोर आणि सुचित्रा यांच्याकडं. नंदकिशोर एका कंपनीत हिशेबनीस, सुचित्रा बालवाडीत शिकवायची. दोघं मनमोकळी होती. रविवारी सगळ्यांना बोलावत. त्या रविवारी जाई बयाबाईला घेऊन गेली. भगवान दारातच टेकून उभा राहिला.

काळ्यापांढऱ्या पडद्यावर कमळाकरराव आले. वकील त्यांच्यावर गरजले, तसे ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग त्यांनी मान वर केली. भगवाननं घोटलेल्या त्या काळ्यात त्यांचे डोळे विहिरीसारखे खोल दिसत होते. "त्या रात्रीपासून," ते म्हणाले, आणि थांबले, "त्या रात्रीपासून मला अन्न गोड लागत नाही."

सुचित्रानं चुकचुक केलं. बयाबाई पुढं सरकली होती. काचेच्या अगदी जवळ जाऊन ती त्या चेहऱ्याकडं बघत होती.

"जाई," ती हळूच म्हणाली, "डोळे बग गं याचे. कसे आत गेलेत. म्या उगंच इतके दिवस शिव्या दिल्या. मानसानं लई मनाला लावून घेतलंय."

भगवान दारातून निघाला आणि गवतातून चालत खाडीच्या बाजूला गेला. तिथं त्यानं उलटी केली.

तीन-चार दिवस बयाबाई वेगळीच होती. नीट जेवत होती. नवऱ्याच्या फोटोपुढं मेणबत्ती लावताना पुटपुटायची. एकदा जाईला म्हणाली, "निदान एकाला तरी वाईट वाटलं." भगवानला तिचं ते बरं होणं बघवेना आणि मोडायचा धीरही होईना. शेवटी एका सकाळी ती पुन्हा कमळाकररावांच्या डोळ्यांचं बोलू लागली, तसा तो म्हणाला, "माय, ते काळं मी लावलंय."

"काय लावलंस?"

"डोळ्यांखालचं. त्यांनीच सांगितलं, लाव म्हणून. त्यांचे डोळे चांगले हायेत. गाल बी."

बयाबाईनं डोकं हलवलं. "खोटं बोलू नको. रंग मला कळतो. तुझ्या बापाबरोबर जन्म गेला माझा."

भगवान उठला. स्टोव्हच्या चकतीवरची काजळी त्यानं बोटावर घेतली, पाठमोरा होऊन दोन्ही डोळ्यांखाली चोळली, कडा विरवल्या आणि वळला. बयाबाईच्या तोंडून नकळत "लेकरा" असं आलं. तिचा हात त्याच्या गालाकडं गेला, आणि मधेच थांबला. बोटं हवेत तशीच राहिली.

"पूस ते," ती म्हणाली.

त्यानं पुसलं. ती बराच वेळ त्याच्या हातांकडं बघत राहिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "तुला लावता आलं?" एवढंच तिनं विचारलं. त्या दिवशी तिनं भाकरी जाईच्या हातून घेतली, आणि पुढं कितीतरी दिवस भगवाननं पाण्याचा तांब्या पुढं केला तरी ती म्हणायची, "ठेव खाली."

पुढच्या वर्षी वाशीत एका वसतिगृहाची कोनशिला बसवायला आता मंत्री झालेले कमळाकररावच येणार, असं ठरलं. टीव्हीच्या बातम्यांसाठी कॅमेराही येणार होता. वस्तीतला कार्यकर्ता सुभाष आदल्या दिवशी भगवानकडं आला.

"भगवानदादा, साहेबांच्या तोंडावर जरा पावडर मारायला तुमी या ना. घरचेच आहात."

"नाही जमणार."

"काय एवढं त्यात? दहा मिनटांचं काम."

"दुसऱ्याला बघ, सुभाष," भगवान म्हणाला, "नाहीतर तू मार."

बयाबाई आतून ऐकत होती. सकाळी तिनं पांढरं लुगडं नेसलं आणि एकटीच निघाली. जाई म्हणाली, "अहो, थांबवा त्यांना." भगवाननं थांबवलं नाही. तोही मागोमाग गेला.

मांडव पताकांनी भरला होता. कमळाकरराव गाडीतून उतरले, तेव्हा भगवानला लांबूनच दिसलं: डोळ्यांखाली काळं होतं. कुणीतरी घाईत लावलेलं, काजळ असावं, कडा विरवलेल्या नव्हत्या. म्हणजे युक्ती आता त्यांची त्यांना येत होती. लोक हार घालत होते. बयाबाई गर्दीतून पुढं गेली. म्हातारी बाई म्हणून कुणी अडवलं नाही.

ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात बोलली. "मी सितारामची बायको. तुमी जीप घेऊन गेलात तवा आमी तुमच्या पायाशी होतो. माझा माणूस मेला. तुमी रडल्याचं सोंग केलंत, आन रंग माझ्याच पोराकडून लावून घेतलात. लाज वाटू द्या."

आजूबाजूचे दोघं-तिघं दचकले. कमळाकरराव दचकले नाहीत. कॅमेरा कुठं आहे ते त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, दोन्ही हातांनी बयाबाईचा हात धरला आणि तिच्यापुढं मान झुकवली, खूप खाली. ती हात सोडवत होती. त्यांनी सोडला नाही. कॅमेऱ्याची घरघर थांबेपर्यंत ते तसेच उभे होते. मग मान वर करून शेजारच्याला म्हणाले, "बाईंना बसायला खुर्ची द्या," आणि पुढं गेले.

संध्याकाळी सुचित्रानंच बोलावलं. "आजी टीव्हीवर दिसणार." बातम्यांच्या फिल्मला तेव्हा आवाज नसायचाच, वरून निवेदक वाचायचा. पडद्यावर बयाबाईचं तोंड हलत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि कमळाकरराव तिच्या हातांवर वाकले होते. निवेदकानं वाचलं की माननीय मंत्र्यांनी दंगलग्रस्त कुटुंबातील वृद्धेची आस्थेनं विचारपूस केली, त्या वेळी वृद्धेला गहिवरून आलं. पुढची बातमी कांद्याची होती.

"माझा आवाज कुठंय?" बयाबाईनं विचारलं.

"आजी, बातम्यांत असंच असतं," सुचित्रा म्हणाली. "नुसती चित्रं."

"मंग मी काय म्हनले ते लोकाला कसं कळनार?"

नंदकिशोर खाली बघू लागला. बयाबाई उठली, घरी आली आणि मोरीवर बसून कमळाकररावांनी धरलेला हात तिनं राखेनं घासला. कातडी लाल झाली तरी घासत होती. भगवान शेजारी उकिडवा बसला आणि तांब्यानं तिच्या हातावर पाणी घालू लागला. त्या दिवशी तिनं त्याला 'ठेव खाली' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भगवान मेकअप विभागाच्या दिनानाथ मास्तरांकडं गेला. त्यानं सांगितलं, चर्चेचे, भाषणांचे कार्यक्रम मी करणार नाही. नाटकं द्या, नाच द्या, शेतकऱ्यांचे कार्यक्रम द्या.

"अरे, चेहरा तो चेहरा," दिनानाथ म्हणाले. "आपण रंग लावायचा आणि विसरायचं."

"विसरायला होत नाही, मास्तर. हाताला घाण येते."

दिनानाथ मास्तर म्हातारे होते, त्यांनीही पुष्कळ चेहरे पाहिले होते. त्यांनी जास्त विचारलं नाही. भगवानला नाटकं मिळाली. पुढाऱ्यांच्या कार्यक्रमांना येणारा खास भत्ता गेला, बढती दुसऱ्याला गेली. जाईनं कुरकुर केली, मग सोडून दिलं.

बयाबाई नंतर पाच वर्षं जगली. रविवारी सुचित्राकडं कधी गेली नाही. वाशी वाढत गेली, गवताच्या जागी इमारती उठल्या, भगवानच्या घरीही रंगीत टीव्ही आला. जाई मालिका बघायची. पांढरे कपडे घातलेलं कुणी पडद्यावर बोलू लागलं की भगवान उठून बाहेर जायचा. इतरांसारखी राजकारण्यांची टिंगल तो करत नसे, शिव्याही देत नसे. ते चेहरे दिसले की त्याला बोटांखाली ती मऊ, उबदार कातडी जाणवायची.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात संसदेतलं राष्ट्रपतींचं अभिभाषण टीव्हीवर थेट दाखवणार, अशी बातमी आली. नंदकिशोर आता सोसायटीचा सेक्रेटरी होता. त्याला या गोष्टीचं फार कौतुक. तो मुद्दाम भगवानच्या दारात आला.

"चला की भगवानराव. आता लपवाछपवी बंद. सभागृहात जे होईल ते आपण घरबसल्या बघणार. लोक जागे होतील."

"होतील," भगवान म्हणाला. "तुमी बघा. मला जरा मार्केटात काम हाय."

नंदकिशोर गेल्यावर जाईनं विचारलं, "कसलं काम?"

काही काम नव्हतं. भगवाननं पायांत चपला सरकवल्या, पिशवी घेतली आणि मेथीची जुडी आणायला तो बाहेर पडला.