हँडलवरचा खंडोबा

"काकांचं टायर पंक्चर झालं म्हणून आम्ही थांबलो, आणि तेवढ्यात ती बाई पिशवी घेऊन आली. टोटल लक, यार!"

आमच्या सायकलसहलीची ही हकिगत निखिल प्रत्येक पंगतीत सांगतो आणि मंडळी माझ्याकडे पाहून हसतात. जर्सी सिटीत तो माझा शेजारी. संगणकाच्या नोकरीत आहे, गुणी आहे. परंतु ही हकिगत चुकीची आहे, आणि मी जिवंत असेतो ती बिनविरोध चालू देणार नाही.

पोटोमॅक नदीच्या काठाने जाणारा तो जुना कालवा आम्हा नवराबायकोच्या जिव्हाळ्याचा. या देशात नवे असताना आम्ही मेरीलँडमध्ये राहत होतो आणि शनिवारी दशम्यांचा डबा घेऊन तिथे फिरायला जात असू. एके काळी ज्या वाटेवरून खेचरे मालाच्या होड्या ओढून नेत, तिच्यावर आता सायकली धावतात. "एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने जायचं हं," माझी पत्नी म्हणे. मग नोकरी, मुले, तिचे गुडघे, आणि शेवटी तिचा आजार. जायचे राहून गेले. जाताना तिने एवढेच मागितले, "देव पारोसे ठेवू नका." तेव्हापासून मी पूजा करीत आलो, पण खरे सांगतो, ती दिलेल्या शब्दासाठी. श्रद्धा तिची होती. आमच्या खंडोबाचा टाक माझ्या लेखी चांदीचा एक उठावाचा पत्रा होता.

गेल्या शरद ऋतूत निखिलला सोबत घेऊन मी तिची इच्छा पुरी करायला निघालो. पूजा चुकू नये म्हणून बरोबर घेतलेला टाक तिनेच शिवलेल्या पिवळ्या खणाच्या पिशवीत होता. माझी सायकलची बॅग चामड्याची, आणि चामड्यात देव ठेवायचा नाही हा तिचा दंडक. म्हणून पिशवी मी हँडलला बांधली.

"काका, बॅगेत टाका ना, पडेल ती."

"चामड्यात? आधी तुझ्या आजीला विचार, चालतं का!"

यात माझी चूक झाली असे मी आजही मानत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका लॉकच्या, म्हणजे होड्या वरखाली करण्याच्या दगडी हौदाच्या, कठड्यावर मी टाकाला अंघोळ घातली. सायकलवरून आलेली एक वयस्क अमेरिकन बाई माझी पूजा होईपर्यंत बाजूला उभी राहिली. त्यानंतर दुपारपर्यंत, निखिल पुढे जाऊ नये म्हणून, मी सायकल दामटली. एका लांबलचक सरळ पट्ट्यावर पुढचे चाक अचानक बसले. उभा जन्म यंत्रांत काढलेला माणूस मी; टायर माझ्या हातचे तपासलेले. संतापून उतरलो, आणि हँडल रिकामे दिसले.

मागची सारी वाट पिवळ्या पानांनी झाकलेली, आणि पिशवीही पिवळीच. "काका, मी मागे जाऊन बघतो," निखिल म्हणाला. मी वाटेवरच बसलो. तिच्या माघारी प्रथमच, शब्द पाळण्यासाठी नव्हे, तर मनापासून म्हणालो, "देवा, माझ्याच्याने आता काही होत नाही. तू बघ."

निखिल निघतो तोच सकाळची ती बाई आली. तिच्या हातात पिशवी होती. "सकाळी ज्यांना अंघोळ घालत होता, तेच ना हे?" तिने इंग्रजीत विचारले. तिची मोटार मागच्या पुलापाशी उभी होती. ती तिथूनच परतणार होती. पिशवी कालव्याच्या जवळच्या कार्यालयात द्यावी असे तिने ठरवले होते, एवढ्यात दूरवर आम्ही थांबलेले दिसलो. मी तिला हात जोडले. टाक छातीशी धरला, तेव्हा तो पत्रा राहिला नव्हता.

मी कोणावर विश्वासाची सक्ती करीत नाही. आयुष्यभर चाके मी फिरवली असे मला वाटे. त्या दुपारी एक चाक थांबवले गेले, आणि मी थांबवणाऱ्याचा ऋणी आहे. पण निखिलने निदान पुढचे तरी सांगावे. शेवाळ सारून आम्ही ती ट्यूब कालव्याच्या पाण्यात इंच इंच बुडवली, व्हॉल्व्हसुद्धा, आणि एकही बुडबुडा आला नाही. तीच ट्यूब, ठिगळाविना, आजही त्याच चाकात आहे.