डागाभोवतीचे धागे

महाडात फोटो स्टुडिओ चालवण्यात माझी हयात गेली. समोरचा माणूस आहे त्यापेक्षा जरा बरा दिसला पाहिजे, हाच आपला धंदा. त्यामुळे त्या दिवशी माझं नेमकं काय चुकलं, हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही.

कुडपणची एक मुलगी, अकरावीतली, पेन ड्राइव्ह घेऊन आली. तिच्या सरांच्या दुर्बिणीला फिल्टर लावून तिने सूर्याचा फोटो काढला होता. दुसऱ्या दिवशी पोलादपूरला विज्ञान प्रदर्शन होतं, त्यासाठी मोठी प्रिंट हवी होती. बाजार करून येते म्हणाली आणि गेली.

फोटोत पिवळट सूर्यावर एक काळा डाग होता आणि त्याच्या कडेने बारीक केसांसारखं काहीतरी पसरलेलं. मला वाटलं, हात हलला असेल, नाहीतर काचेवर धूळ असेल. सवयीने कडा साफ केल्या, डाग गोल गुळगुळीत केला आणि त्याच फाइलवर सेव्ह मारलं.

ती आली, प्रिंट बघितली. "काका, धागे कुठं गेले?"

"कसले गो धागे? घाण होती ती."

"घाण नाय. तेच तर दाखवायचं होतं."

मग तिने समजावलं. डागाच्या मधोमध चुंबकीय क्षेत्र उभं असतं. खालून वर येणारी उष्णता ते अडवतं, म्हणून तिथे तापमान कमी आणि रंग काळा. कडेला तेच क्षेत्र बाहेर झुकत आडवं होतं, तापलेला वायू त्याच्याच दिशेने लांबट पसरतो. ते धागे.

माझं डोकं चालेना. चुंबक तापवला की त्याची ताकद जाते, एवढं मलाही ठाऊक आहे. आणि सूर्यात लोखंड कुठून आलं? लोखंड लागतच नाही म्हणे, वायूतच वीज खेळते. मी मान हलवली. कळलं काहीच नाही, उलट चिडलोच.

"मग दुसरा काढ ना फोटो."

"तो डाग आता सूर्याबरोबर फिरून पलीकडं गेलाय. परत येईपर्यंत राहतोय का विरतोय, कोण सांगणार? मोबाइलमधला पण मी काढून टाकला, जागा नव्हती."

तेव्हा मात्र मी परत कॉम्प्युटरपुढे बसलो. थांब म्हटलं, मीच धागे काढून देतो. ब्रश घेऊन डागाभोवती एकेक रेघ ओढली, तेल लावून केस विंचरावेत तशी. खरं सांगतो, आधीपेक्षा देखणं झालं होतं.

ती बघत राहिली. "छान हायत काका. पण हे मी बघितलेले नायत."

"तिथल्या परीक्षकांना काय कळतंय?"

तिने पेन ड्राइव्ह काढून घेतला. मग गालावरच्या भाजल्याच्या जुन्या खुणेवर बोट ठेवलं. "दहावीच्या फॉर्मचा फोटो तुम्हीच काढलेला. त्यात ही नव्हती. पेपराच्या दिवशी वर्गावरच्या बाई एकदा हॉल तिकिटावरचा फोटो बघायच्या, एकदा माझं तोंड. सगळ्या वर्गासमोर सांगावं लागलं, मीच ती."

ती खूण मी तिला न विचारता पुसली होती, चांगल्याच मनाने.