वाणाचे ग्लास

मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली ती संक्रांत लग्नानंतरची माझी पहिलीच. मी परभणीची, दिली बोरीला. पहिलं वाण असं लुटायचं की वर्षभर गावात बोललं गेलं पाहिजे, असं माहेरून बजावून पाठवलेलं. म्हणून कंगवे, आरसे, प्लास्टिकच्या डब्या असल्या फडतूस वस्तूंना मी हातच लावला नाही. सरळ काचेचे ग्लास घेतले. उंच, पातळ, अंगावर लाल फुलं. पेठेत भांड्याचं दुकान चालवणाऱ्या लिंगायत आप्पांकडे ते नवीनच आले होते. हळदीकुंकवाला आलेल्या बाया ग्लास पदराखाली घेऊन हसत हसत गेल्या, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

रथसप्तमी झाली, हळदीकुंकवं संपली. उरलेल्यातल्या एका ग्लासात मी सासऱ्यांना चहा दिला. त्यांनी तो उचलला आणि ग्लासाचं बूडच निखळलं. अख्खं बूड, वडीसारखं कापून काढल्यागत. उकळता चहा मांडीवर. सासरे तसे सोशिक माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी इथं लिहीत नाही. मांडीवर हे मोठाले फोड आले.

तुटका ग्लास घेऊन मी तरातरा दुकानात गेले. आप्पांनी मला बोलूच दिलं नाही.

"कळलंय बाई, सगळं कळलंय," ते म्हणाले. "परभणीचा ठोकवाला कालच सांगून गेला. कारखान्यात ह्यो माल नीट निवू दिला न्हाई. गरम पडलं की फुटतोय. समदे ग्लास परत आणा, दुसरे देतो."

तेवढ्यावर न थांबता त्यांनी कोतवालाला सांगून गावात दवंडी पिटवली. लाल फुलाच्या ग्लासात गरम ओतू नका हो, ग्लास आप्पाच्या दुकानात परत करा हो! पोरं आठवडाभर ती नक्कल करत गल्लीतून हिंडत होती.

मला वाटलं, झालं काम. सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, मी घरोघर जाऊन ग्लास गोळा करून आणते."

त्यांनी कपाळाला हात लावला. "येड लागलं का तुला? दिल्यालं वाण परत मागतेत का? बाईच्या कुकवाचं असतंय ते. उद्या कुणाचं काय वंगाळ झालं, तर तुज्या नावानं बोटं मोडतील."

"आणि कुणाचा हात कापला तर?"

"हात बरा व्हतोय," सासूबाई म्हणाल्या.

तरीही मी गेले. कुणाचं ऐकून घरात बसणाऱ्यातली मी नाही. पण घरोघर तेच झालं. बाया हसत होत्या, चहा पाजत होत्या (पितळीतून), आणि ग्लास काही देत नव्हत्या. बदल्यात दुसरा मिळेल म्हटलं तरी नाही. दुसरा ग्लास म्हणजे दुकानाचा ग्लास, वाण नव्हे. तसा धोकाही नव्हता म्हणा. सगळ्यांनी ते फळीवर मांडून ठेवले होते, पाहुण्यांना दिसतील असे. त्यात काही ओतायचं असतं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

अपवाद एकाच घराचा. आमच्या मागच्या अंगणाला लागून एक जोडपं राहायचं. बाई माझ्याच वयाची, पोरगी तीन-चार वर्षांची. पोरीला तो फुलाचा ग्लास इतका आवडला होता, की दूध प्यायची तर त्यातच. नाहीतर भोकाड. नवरा काविळीनं आजारी, परभणीला सरकारी दवाखान्यात. दीर त्याच्याजवळ होता. हिला जायचं होतं, पण ते दिवस कसे होते! नामविस्तारावरून आज ह्या गावात बंद, उद्या त्या गावात, रस्त्यावर एसटी दिसेल तो दिवस आपला. बाई रोज पोरीला काखेत मारून फाट्यावर जायची, ताटकळून परत यायची.

मी तिला म्हणाले, "वैनी, ग्लास तेवढा द्या. पोरीच्या तोंडात काच गेली म्हंजी?"

"दुसरं कायबी मागा," ती म्हणाली. "ह्ये तिकडं पडल्यात अन् मी वाण परत देऊ?"

"अवो, ग्लासाचा अन् त्यांच्या दुखण्याचा काय संबंध हाय?"

"नसंल. पर मला तिकडं जाता यीना. त्यांना पाणी पाजता यीना. इथं बसून माज्या हातात दुसरं काय हाय, सांगा बरं."

ती दूध आधी वाटीत निववायची, बोट बुडवून बघायची, मग ग्लासात ओतायची. मी काहीतरी निमित्त काढून रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायची. पोरगी ग्लास तोंडाला लावायची आणि मी काचेकडं बघत राहायची. ती गटागटा पिऊन पांढऱ्या मिशा दाखवायची.

एका संध्याकाळी पोरीची आई दूध निववायला विसरली. फाट्यावरून नुकतीच आली होती, ध्यान ठिकाणावर नव्हतं. पातेल्यातलं वाफेचं दूध ग्लासात ओतणार, तोच मी ग्लास ओढून घेतला आणि सरळ घराकडं निघाले. म्हटलं, खड्ड्यात गेलं ते वाण. पोरगी किंचाळायला लागली.

आई धावत आली आणि तिनं माझं मनगट धरलं. त्या बाईचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तुमचा नवरा घरात हाय, वैनी. तुमाला काय कळंल?"

मी ग्लास परत दिला. घरी येऊन स्वयंपाकघरात रडले.

त्यानंतर दूध निववण्यात तिनं एकदाही हयगय केली नाही, हेही सांगायला पाहिजे.

पुढं रस्ते मोकळे झाले. ती पहिल्याच एसटीनं जायला निघाली होती, पिशवी भरून तयार. त्याच सकाळी दीर जीपमधून आला. जीपमध्ये मागं तो होता, चादरीत.

सगळे विधी झाले. चौदावं उरकलं. एका शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकवाला पाच-सहा बाया आल्या होत्या, आत चहापाणी चाललं होतं. मागच्या दारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून मी गेले. ती होती. कपाळ मोकळं. मी आत या म्हटलं, तर तिनं आतल्या बायांच्या हसण्याकडं कान दिला आणि मान हलवली.

पदराखालून तिनं ग्लास काढला.

"घ्या वैनी," ती म्हणाली. "आता परत दिल्यालं चालतंय ना?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मला इतका राग आला, की कुणाचा तेच कळेना. आतून सासूबाई हाक मारत होत्या, कुंकवाचा करंडा आण म्हणून. मी ग्लास हातात घेतला. तिनं तो घासून लखलखीत केला होता. साधा तडासुद्धा गेला नव्हता त्याला.