उत्तरेचा किनारा

बर्वेबाई गाडीतून उतरल्या की आधी टाच जमिनीत दाबून बघायच्या. दोह्याच्या डांबरी रस्त्यावरसुद्धा! "दिसते म्हणून जमीन असतेच असं नाही हं," म्हणायच्या आणि मगच चालू लागायच्या. मला हसू यायचं. दोह्यातल्या अल हिलाल वस्तीत त्या आमच्या शेजारी एकट्या राहत आणि भारतीय मुलांच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवत.

त्यांचा जीव कतारच्या उत्तर किनाऱ्यात अडकला होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी रुवैसच्या बाजूला आपलं माणूस क्वचितच जाई. मोत्यांच्या व्यापारावर गबर झालेलं झुबारा शहर कसं जळलं, त्यावर वाळू कशी चढली, कोळ्यांची गावं कशी ओस पडली, हे बाई जेवता जेवता सांगत. "कुणी हाकललं नाही त्या माणसांना. विहिरी खारट झाल्या. एक घर उठलं, मग दुसरं. शेवटी उरला त्याला बोलायला कुणी नव्हतं." एवढं बोलून त्या निवांत ताक पीत.

थंडीतल्या एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला तसं एक गाव दाखवायला नेलं. मी, माझे यजमान सुरेश आणि दत्ता शिंदे. दत्ता साताऱ्याकडचा, दुखानच्या तेलविहिरींवर वेल्डर. बाईंना फार मानायचा. आम्ही तिघं आमच्या गाडीतून गेलो; तो आपल्या ठेकेदाराची पिकअप न विचारता घेऊन आला होता.

गावात छपरं नव्हती. दारं सताड उघडी होती. ओहोटीने समुद्र इतका मागे गेला होता की पाणी दिसतच नव्हतं. समोर नुसती पांढरी सपाटी. "ही सबखा," बाई म्हणाल्या. "वर मिठाची साय, खाली चिखल. कुणी पुढे जायचं नाही." पण आमचं लक्ष पडक्या मशिदीकडे असताना दत्ताने गंमत म्हणून पिकअप सपाटीवर घातली. बरीच आत गेल्यावर ती आसापर्यंत रुतली.

बाई चपला काढून चालत गेल्या आणि त्याला हाताला धरून परत घेऊन आल्या. मी थर्मासमधला चहा ओतला. तेवढ्यात उत्तरेचा वारा सुटला. आमच्या आणि पिकअपच्या मधल्या खळग्यात कुठून तरी पाणी आलं, आवाज न करता.

"बाई, गाडी बुडाली तर मला घरी धाडतील," दत्ता म्हणाला.

"धाडू देत. बस खाली."

"निस्ता जॅक लावून बघतो. आलोच."

तो पळाला. सुरेश मागे धावले, पण कमरेइतक्या पाण्यातून परत फिरले. वाऱ्याने धूळ उठली आणि आधी दत्ता दिसेनासा झाला, मग पिकअप. त्याला दिशा कळावी म्हणून आम्ही आमच्या गाडीचा हॉर्न वाजवत राहिलो. बाई पाण्याच्या कडेला उभ्या राहून "दत्ता, आवाजाकडे ये!" असं ओरडत होत्या. घसा बसला तरी ओरडत होत्या. दुसऱ्या दिवशी तो सापडला, पिकअपपासून बराच लांब, समुद्राच्या बाजूला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई त्याच्या गावी गेल्या. मी सोबत होते. दत्ताच्या आईला काय सांगायचं ते बाई एसटीत पुटपुटत होत्या. पण आईने बोलूच दिलं नाही. तिनेच विचारलं, "माझं पोरगं वाळवंटात कामाला हाय म्हनत हुते. मग पान्यात कसं गेलं?"

बाई अंगणात मातीतच बसल्या. बोटाने मोठा नकाशा काढला, अंगठ्यासारखा वर आलेला. "हे दोहा. इकडे दुखान, दत्ता राहायचा ते. ह्या तिन्ही बाजूंना समुद्र. आणि हा वरचा, उत्तरेचा किनारा. तिथे मीच घेऊन गेले होते त्याला."

आई वाकून बघत राहिली. "ह्यात त्यो कुठं?"

बाईंनी तिचं बोट धरून वरच्या टोकाशी टेकवलं. आईने तिथे अख्खा तळहात ठेवला आणि डोळे मिटले. कोंबड्या दाणे टिपत नकाशावर येऊ लागल्या, तशी बाईंनी अंग पुढे टाकून हलक्या हाताने त्या हाकलल्या.