राहिलेली फेरी

मेडशीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत यांचा हार घातलेला फोटो आहे. मोठ्या गाडीच्या स्टेअरिंगवर बसलेत, पण अंगात खाकी नाही आणि डोक्यावर सुनेनं घेऊन दिलेली रुंद काठाची टोपी. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे कोणत्या डेपोतलं हाये वं काकू?" मी सांगते, ऑस्ट्रेलिया डेपो. लोकांना वाटतं, नवरा गेल्यापासून हिचं डोकं फिरलं.

आमचे हे जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. आमच्याकडे ड्रायव्हर रिटायर होतो त्या दिवशीच्या शेवटच्या फेरीचं भारी कौतुक असतं. बसला फुलांच्या माळा लावतात, गावोगावची माणसं थांबवून हार घालतात, बायको चाकापुढे नारळ फोडते आणि तिला मानानं पुढच्या सीटवर बसवतात. यांच्या वाट्याला ती फेरी आलीच नाही. नोकरीची दोन वर्षं राहिली होती तेव्हा छातीत कळ आली आणि स्टेअरिंग कायमचं सुटलं. मग डेपोत चौकशीच्या खिडकीत बसले आणि तिथूनच घरी आले.

शपथ मीच घातली होती. दवाखान्यातल्या पलंगावर यांचा हात माझ्या गळ्यावर ठेवून म्हटलं, "पुन्हा स्टेअरिंगले हात लावसान, तर माहं मेलं तोंड पाहासान." यांनी शब्द पाळला. पण कोणाची शेवटची फेरी गावात आली की ढोल ऐकून हे शेतात निघून जायचे आणि अंधार पडल्यावर परत यायचे. मला सगळं कळत होतं, पण शपथ सोडायची माझी हिंमत होत नव्हती.

पुढं मुलानं ऑस्ट्रेलियाला बोलावलं आणि, सुनेला रजा नव्हती म्हणून, आम्हा तिघांसाठी एक कॅरव्हॅन भाड्यानं घेतली. म्हणजे चाकावरचं घरच हो! पुढं ड्रायव्हरची सीट, मागं पलंग, ओटा, शेगडी. निघताना मी नारळ काढला तर पोरगा ओरडला, "माय, भाड्याची गाडी हाये, काही फोडू नको." मग तो नारळ ओट्याखालच्या खणात गेला आणि प्रत्येक वळणावर गडगडत राहिला.

तीन आठवडे आम्ही त्या लाल मातीतून फिरलो. तासन् तास माणूस दिसायचं नाही. मग एखादं गाव यायचं: एकच रस्ता, एक पेट्रोल पंप, धान्याच्या उंच कोठ्या, दुकानापुढं बाकावर बसलेले दोन म्हातारे. मला लगेच आमचा स्टँड आठवायचा. दुपारी झाडाखाली गाडी लावून मी भाकरी थापायची आणि गुलाबी पोपटांचे थवे शेजारी येऊन बसायचे. काय सुखाचे दिवस होते ते! आजही भाकरी टाकताना ती लाल धूळ नाकात येते.

हे मात्र ड्रायव्हरच राहिले. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून टायर ठोकून बघायचे, गाडी पोरगा चालवायचा, पण वळण आलं की यांचा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायचा. आणि एका गोष्टीवरून तर रोज भांडण. तिकडच्या त्या ओसाड रस्त्यावर समोरून येणारा ड्रायव्हर स्टेअरिंगवरूनच हात उचलून रामराम करतो. यांना ते पटेचना. "अरे, मानसानं हात दाखवला अन् तू निघून चालला? थांबव!"

"बाबा, तो नमस्कार करून राह्यला."

"नमस्काराले दोन हात लागतात. त्याले काही पाहिजे असंन." एवढं बोलून हे तोंड फुगवून बसायचे.

शेवटच्या दिवसांत एका गुरं पाळणाऱ्याच्या शेतावर मुक्काम केला. त्याच्या घरापासून हमरस्त्याच्या फाटकापर्यंत दोन किलोमीटरची कच्ची वाट, सगळी त्याच्याच जमिनीतली. सकाळी निघताना तो मालक हसत म्हणाला, आमच्या जमिनीवर लायसन लागत नाही, कोणीही गाडी चालवावी, आजोबांनाही द्या. मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत हेच घाईनं म्हणाले, "नको बाप्पा. शपथ हाये." आणि जाऊन मागच्या पलंगावर बसले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

मला माझाच असा राग आला! जीव वाचवला म्हणून मिरवत होते, अन् माणसाला कुठं नेऊन बसवलं मी? तशीच मागं गेले. यांचा हात ओढून पुन्हा माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हटलं, "सुटली. मी घातली होती, मीच सोडली. उठा आता."

पोरगा काही म्हणायच्या आत खणातला नारळ काढून चाकापुढच्या दगडावर फोडला. हे स्टेअरिंगवर बसले, मी शेजारी पुढच्या सीटवर बसले आणि स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवला: टिंग टिंग. कंडक्टरची डबल बेल. यांनी गिअर टाकला आणि गाडी अशी हलली की पेल्यातलं पाणीही डचमळलं नाही.

अर्ध्या वाटेवर मालकाची म्हातारी आई काठी टेकत फाटकाजवळच्या टपालपेटीकडे चालली होती. गाडी पाहून तिनं हात वर केला. पोरगा म्हणाला, "बाबा, ते नुसतं..." पण यांनी गाडी थांबवली होती. दार बरोबर म्हातारीच्या पुढ्यात. तिला आधी काही समजेना, मग खूप हसली आणि चढली. मी सरकून जागा दिली, हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि पुन्हा टिंग टिंग.

फाटकाशी म्हातारी उतरली आणि हात हलवत उभी राहिली. पोरानं तेव्हाच हा फोटो काढला. यांनी इंजिन बंद केलं, दोन्ही हात थोडा वेळ स्टेअरिंगवरच ठेवले. मग किल्ली काढून मुलाच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आज झालो वं मी रिटायर."