स्वयंपाकघरातल्या बल्बचा डोळा

खोटे डोळे रंगवणाऱ्या बाईंना सगळे ‘डोळेवाल्या बाई’ म्हणत. अपघातात किंवा आजारात ज्याचा एक डोळा गेला, त्याच्या उरलेल्या डोळ्याला जोडीदार करून द्यायचा, हे त्यांचं काम. सगळी उमेदीची वर्षं त्यात गेली. ‘डोळ्यांत तेल घालून काम करता हो तुम्ही,’ असा विनोद प्रत्येक नवं गिऱ्हाईक करायचं, आणि जगात तो पहिल्यांदाच होतोय अशा थाटात हसायचं. बाईही हसायच्या. हल्ली त्यांना हसायचाही शीण व्हायचा.

काम म्हणायला नखाएवढं. पांढऱ्या वाटीवर बुबुळ रंगवायचं. आधी तळाचा रंग, मग बाहुलीभोवती केसासारख्या रेषा, मग कडेला काळपट कडं. वर शेवटचा पारदर्शक थर चढला की ब्रह्मदेव आला तरी काही बदलता येत नाही. म्हणून बाईंचा एक नियम होता. थर चढवण्याआधी त्या माणसाला जिन्याच्या वळणावरच्या मोठ्या खिडकीत नेऊन उभं करायचं आणि दिवसाउजेडी दोन्ही डोळे बघायचे. दिव्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “दिव्याकडे जो रंगच नाही, तो त्याने दाखवायचा कुठून?” असं म्हणायच्या.

मग जुने मालक गेले, त्यांचा मुलगा मालक झाला आणि तिसऱ्या मजल्यावरचं काम उचलून त्याच इमारतीच्या तळघरात आणलं गेलं. मुलगा वाईट नव्हता. त्याने हौसेने छतभर पांढरेशुभ्र एलईडी दिवे लावले आणि म्हणाला, “बाई, आता सुई पडली तरी दिसेल तुम्हाला.” सुई दिसलीच असती. पण त्या उजेडात माणसं तापातून उठल्यासारखी दिसायची, ओठ फिके आणि हात राखेच्या रंगाचे. खिडकी राहिली वर, आणि बाईंच्या गुडघ्यांनी तर त्यांच्याशी उभा दावा मांडलेला. सुरुवातीला त्या कण्हत कुथत चढल्या. मग एक दिवस नाही चढल्या. कोणी काही तक्रार केली नाही. मग चढणं सुटलंच.

वेल्डर आला तो याच दिवसांत. तरणाताठा माणूस, ठिणगी उडून डावा डोळा गेलेला. “चष्मा होता, पण कपाळावर होता,” एवढंच म्हणाला. डोळ्याचं त्याला स्वतःला फारसं काही वाटत नव्हतं. खरं दुखणं हळूहळू बाहेर आलं. घरी पाच वर्षांची मुलगी होती, आणि पट्टी सुटल्यापासून ती बापाच्या तोंडाकडे बघत नव्हती.

“रडत नाही, पळत नाही,” तो म्हणाला. “बोलते पण. फक्त बघते शर्टाच्या गुंड्यांकडे. मावशी, माझ्या गुंड्यांशी बोलते ती.”

“डोळा बसला की बघेल,” बाई म्हणाल्या. असं त्या सगळ्यांनाच म्हणत.

तळघरात डोळा असा जुळला की मालकानेही मान डोलावली. बाईंनी जिन्याकडे एकदा बघितलं, गुडघ्यावरून हात फिरवला आणि थर चढवून टाकला.

थोड्याच दिवसांत वेल्डर परत दारात. तोंड पडलेलं.

“पोरगी म्हणते, हा डोळा दुसऱ्या कोणाचा तरी आहे.”

“अरे, चांगला दिसतोय की!”

“इथे दिसतो. घरी नाही दिसत.”

बाई उठल्या. प्रत्येक वळणावर टेकत, एकदा त्याच्या हाताचा आधार घेत वर गेल्या. त्याला खिडकीत उभं केलं आणि दोन्ही डोळे बघितले. त्याचा खरा डोळा कडक चहाच्या रंगाचा होता, लालसर झाकेचा. बाईंनी केलेला होता शेवाळी चिखल. खऱ्या डोळ्याचं काळं कडं कसं ठसठशीत होतं, यांचं पार पुसट. तळघरातल्या दिव्यांत लाल फार थोडा. त्या दिव्यांनी डोळ्यातली लाली मारून टाकली होती, आणि बाईंनी ती मेलेली लाली इमानेइतबारे उतरवली होती.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकाला मी इथे आणून बघायचे. तुला नाही आणलं. गुडघे दुखतात म्हणून.”

त्याने चिडायला हवं होतं. चिडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

“माझा तरी चष्मा कुठे डोळ्यांवर होता, मावशी,” तो म्हणाला.

बाईंनी नवा डोळा घेतला, आणि यावेळी खिडकीतच रंगवला. खिडकीत तो जुळलासुद्धा. पण थर चढवण्याआधी त्यांनी विचारलं, “पोरगी तुला बघते कधी?”

“सकाळी ती उठायच्या आत मी कामावर. संध्याकाळी काय ते. स्वयंपाकघरात.”

“दिवा कसला आहे तिथे?”

“जुना बल्ब. पिवळा.”

संध्याकाळी बाई रंगांची पेटी घेऊन त्याच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोने ओट्यावरची भांडी सरकवून जागा करून दिली. बल्बखाली डोळा धरला मात्र, खिडकीत जुळलेला तो पुन्हा परका झाला. पिवळ्या उजेडात खरा डोळा निखाऱ्यासारखा ऊबदार दिसत होता, आणि बाईंचा रंग त्याच्याशेजारी मातकट पडला होता. रंगातली लाली आणि डोळ्यातली लाली सख्ख्या बहिणी नव्हत्या, एका दिव्याखाली जमत होतं, दुसऱ्याखाली बिनसत होतं. बाईंचं अंग अगदी मोडून आलं. क्षणभर वाटलं, पेटी इथेच ठेवावी आणि घरी जाऊन पडावं.

“दोन्हीकडे जुळेल असा रंग माझ्याजवळ नाही रे,” त्या म्हणाल्या. “एक काय ते ठरव. दिवसा चारचौघांत नीट दिसायचं, की इथे?”

“चारचौघांना काय घालायचंय चुलीत?” वेल्डर म्हणाला. “इथे.”

मुलगी दाराशी पाठ करून बसली होती. बाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं. पाटावर बसून, पाठीला भिंत लावून त्यांनी लाल चढवला, पुसला, पुन्हा चढवला, आणि बल्बखाली दोन्ही डोळे एका घरचे दिसेपर्यंत मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तळघरात मालकाने तो डोळा उचलून बघितला. लाल इतका चढला होता की तिथल्या दिव्यांनाही तो लपवता येत नव्हता. “बाई, हा लालभडक झालाय. रागावू नका, पण एकदा तुमचेच डोळे तपासून घ्या. झेपत नसेल तर तसं सांगा.”

बाईंना सगळं समजावून सांगता आलं असतं. पण अंगात त्राण नव्हतं, आणि मनात भीती होती, की पोरगा म्हणतोय ते खरं असेल तर? त्यांनी मुकाट्याने थर चढवला. याही वेळी मुलीने बघितलं नाही तर ब्रश कायमचा खाली ठेवायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. थकलेलं माणूस असले निर्णय फार चटकन घेतं.

वेल्डर डोळा बसवून गेला. मग त्याचा काही निरोप नाही. बाई कोणाचाही फोन वाजला तरी दचकायच्या. शेवटी एका सकाळी त्याचा आला.

“मावशी, काल पोरगी भांडली माझ्याशी. दूध प्यायचं नाही म्हणून. कमरेवर हात ठेवून! मला म्हणते, तू ओरडायचं नाहीस माझ्यावर.”

“कुठे बघून म्हणाली?” बाईंनी विचारलं.



“तोंडाकडे,” तो म्हणाला. “माझ्या तोंडाकडे बघून, मावशी.”

बाईंनी फोन ठेवला, पदराने डोळे पुसले. समोर एक म्हातारे गृहस्थ आपला डोळा तयार होण्याची वाट बघत बसले होते.

“उठा,” बाई म्हणाल्या. “वर खिडकीपर्यंत जायचंय. हळूहळू जाऊ, माझेही गुडघे तसेच आहेत. आणि चढता चढता मला सांगा, घरी तुमच्याकडे बघणारं कोण आहे, आणि कोणत्या दिव्याखाली?”