पंधरवड्यात न आणलेला जनरेटर

आईची फुफ्फुसं दमली तेव्हापासून आमच्या घरात ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असायचं. गारखेड्यातलं तळमजल्याचं घर, त्यात आई, कोर्टातून निवृत्त झालेले बाबा आणि मी. मशीन चालू तर आईचा श्वास चालू, इतकं ते साधं होतं. आणि आमच्याकडची लाइट म्हणजे लहरी बाई, कधी जाईल नेम नाही. इन्व्हर्टर होता, पण मशीन लावलं की त्याची बॅटरी बघता बघता मान टाकायची. म्हणून जनरेटर घ्यायचं ठरलं.

स्थळ बघायला निघावं तसे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जालना रोडवरच्या दुकानात आले. दुकानदाराची टकळी सुरू झाली. “काका, लोड कशाकशाचा हाय? फ्रिज, टीव्ही, एसी?”

“आईचं ऑक्सिजनचं मशीन,” मी म्हणाले. “बाकी काही नाही.”

“आणि देवघरातला दिवा,” बाबा म्हणाले.

दुकानदारानं यादी आवरली. मग एकेक सुरू करून दाखवू लागला. डिझेलच्या जनरेटरनं असा धूर सोडला की मला ठसका लागला. श्वासासाठी आपण धूर विकत घेतोय, असं वाटून मला संतापच आला. शेवटी मागच्या भिंतीलगत, आईच्या खिडकीपासून लांब ठेवता येईल असा पेट्रोलचा निवडला. “दोरी ओढायची झंझट नाय, काका. चावी फिरवली की सुरू,” दुकानदार म्हणाला. बाबांनी दोनदा चावी फिरवून बघितली आणि लहान मुलासारखे खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता.

घरी आल्यावर आईला सांगितलं. नाकातली नळी सावरत ती म्हणाली, “उद्या? उद्यापासून पंधरवडा लागतोय.”

मी हसले. मग कळलं की ती थट्टा करत नाहीये.

“पितरांच्या दिवसांत नवी वस्तू घरात नको. घट बसले की आणा.”

“अगं, ती तुझ्यासाठी आहे!”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

कोर्टात वकिलांशी हुज्जत घालण्यात हयात गेलेल्या बाबांनी मुकाट्यानं दुकानदाराला फोन करून घटस्थापनेचा वायदा केला. मी खूप भांडले. पितर काय खोकं फोडून बघणार आहेत का, असंही बोलले. बाबा दुखावले, आई डोळे मिटून पडून राहिली, पण कुणी तसूभर हललं नाही. तडजोड म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर आणला. तो भाड्याचा, म्हणजे नवी वस्तू नव्हे. जनरेटरही भाड्यानं मिळतो, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पंधरवडा सरत आला असताना एका सकाळी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. वायरमन म्हणाला, होईल तासाभरात. इन्व्हर्टर संपला, मग सिलिंडर लावला. मी दुकानात फोन केला, आत्ताच्या आत्ता पाठवा म्हणाले. टेम्पो बिडकीनला माल टाकायला गेला होता. बाबा सारखे सिलिंडरच्या काट्याकडे बघत होते आणि आई बाबांकडे. काटा तळाला जायच्या आधीच मी रुग्णवाहिका बोलावली होती. ती चौकात अडकली. ती दारात आली तेव्हा आई गेलेली होती. दुपारी पंखा आपोआप फिरू लागला. त्या पंख्याचा मला इतका राग आला की मी बटण बंद केलं आणि सगळे तसेच घामाघूम बसून राहिले.

भेटायला आलेल्या एक नातेवाईक म्हणाल्या, पंधरवड्यात गेल्या, भाग्यवान हो. मी उठून आत गेले. नाहीतर त्यांना हाताला धरून बाहेर काढलं असतं.

घटस्थापनेच्या दिवशी आमच्याकडे घट नव्हतेच. सकाळी बाबांचा फोन वाजला. दुकानदाराचा आवाज मला पलीकडच्या खुर्चीत ऐकू आला. “काका, घट बसले. टेम्पो भरलाय. येऊ का?”

“नाही हो,” बाबा नेहमीच्या आवाजात म्हणाले, “आमच्याकडे सुतक आहे. सुतकात नवी वस्तू आणत नाहीत. फिटलं की कळवतो.”

मला किंचाळावंसं वाटलं. पलीकडून फोन कधीच ठेवला गेला होता. बाबा मात्र तो तसाच कानाला धरून बसले होते.

“तिचं ऐकायला नको होतं मी,” ते त्या फोनमध्येच म्हणाले.